गुरूची आज्ञा आणि गड्याचा मान

विद्यार्थ्याची सर्वांत कठीण परीक्षा कोणती, असें कोणी विचारिलें तर आम्ही गणिताचें नांव घेणार नाहीं. आपण श्रेष्ठ आहों हें पुरतें ठाऊक असतांना दुसऱ्यास पुढें होऊं देणें, हीच ती परीक्षा होय. वर्गांत ती क्वचित् होते. क्रीडांगणावर रोज होते.

बास्केटबॉल आमच्या मुलांच्या आवडीचा खेळ आहे. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें तो काढिला. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला गृहस्थ होता, आणि हिवाळ्यामुळें आंत कोंडलेल्या दांडग्या तरुणांचा वर्ग त्याच्याकडे आला होता. त्यानें सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें नाहीं, हा त्यांतील एक. धांवतां येत नाहीं म्हणून चेंडू सोबत्याच्या हातीं द्यावाच लागतो. या खेळाचा सारा धर्म त्या एका नियमांत आला आहे, असें आम्हांस वाटतें.

याच खेळांत एका श्रेष्ठ गड्याला तो धर्म क्षणभर विसरला. ता. १३ मे १९९४ रोजीं शिकागो येथें ‘शिकागो बुल्स’ व ‘न्यूयॉर्क निक्स’ या संघांचा सामना होता. न्यूयॉर्कनें आधींचे दोन सामने जिंकिले होते. या तिसऱ्यांत दोन्ही बाजूंचे १०२ गुण झाले आणि वेळ उरला १.८ सेकंद. शिकागोचे शिक्षक फिल जॅक्सन यांनीं खेळ थांबवून आज्ञा केली कीं, स्कॉटी पिपेन यानें बाहेरून चेंडू आंत टाकावा आणि टोनी कुकोच यानें तो टोपलींत मारावा. हें ऐकून पिपेन बाकावर जो बसला तो उठलाच नाहीं. त्याचें काम दुसऱ्या गड्यास करावें लागलें. कुकोचचा चेंडू टोपलींत पडला आणि शिकागोनें १०४ विरुद्ध १०२ अशी बाजी मारिली. पण विजयाचा आनंद मात्र नासला.

पिपेनचें दुःख पोकळ होतें काय? नाहीं. अर्कान्सासमधील एका लहान गांवीं, गरीब घरांत, बारा भावंडांत शेवटचा म्हणून तो जन्मला. कॉलेजांत प्रथम त्यानें संघाची हरकामी केली. १९९३ च्या आक्टोबरांत मायकेल जॉर्डन खेळांतून निवृत्त झाला, तेव्हां संघाचा भार पिपेननें उचलिला आणि त्या हंगामांतील ८२ सामन्यांपैकीं ५५ जिंकून दाखविले. वर्षभर ओझें आपण वाहिलें, आणि मानाची घटका येतांच ती पहिल्या वर्षाच्या नवख्यास मिळाली! कोणाचें मन दुखावणार नाहीं?

तरीही तो चुकला, असेंच आमचें मत आहे. कुकोचचा चेंडू टोपलींत पडला म्हणून आम्ही असें म्हणतों, असें मात्र कोणीं समजूं नये. चेंडू हुकला असता तरी पिपेनचें बसून राहणें चूकच ठरलें असतें. रुसला तो शिक्षकावर, पण सोडिलें त्यानें सोबत्यांना. गाऱ्हाणें खरें असलें तरी तें सांगावयाची वेळ असते; १.८ सेकंद ही ती वेळ नव्हे.

पुढें जें घडलें तें अधिक बोधप्रद आहे. जॅक्सन हे धर्मोपदेशक आईबापांचे पुत्र. त्यांनीं पिपेनला संघांतून काढिलें नाहीं. गोष्ट गड्यांवर सोंपविली. तेव्हां बिल कार्टराइट या वडील गड्यानें डोळ्यांत पाणी आणून, ‘तूं आम्हांस टाकिलेंस,’ अशा अर्थाचे बोल पिपेनला सुनावले. पिपेननें सर्वांची क्षमा मागितली. पुढचा सामना तो खेळला आणि संघ जिंकला. ती मालिका सातव्या सामन्यांत हातची गेली हें खरें; परंतु जॉर्डन परतल्यावर १९९६, १९९७ व १९९८ या तिन्ही वर्षीं शिकागोनें अजिंक्यपद मिळविलें, आणि त्या संघांत जॅक्सन, पिपेन व कुकोच तिघेही होते.

तथापि मानाची जखम लौकर भरत नाहीं. २०२० सालीं एका चित्रपटांत पिपेननें सांगितलें कीं, तें घडलें नसतें तर बरें. पण पुन्हां तसाच प्रसंग आला तर आपण बहुधा तेंच करूं. यांत आम्हां शिक्षकांसही धडा आहे. आज्ञेचें कारण प्रत्येक वेळीं सांगतां येत नाहीं. परंतु ज्याच्या खांद्यावर आपण वर्षभर भार दिला, त्याचें मन आधींच जाणून घेणें हें आपलें कर्तव्य होय.

उडाऊ पुत्राच्या दृष्टांतांतील थोरला भाऊ आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. धाकट्याचा सत्कार झाला म्हणून तो घराबाहेर उभा राहिला. त्याचीही तक्रार अगदींच खोटी नव्हती. त्यानें खरोखरच वर्षानुवर्षें राबून काम केलें होतें. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालूं लागला. पण शेवटीं तो आंत गेला कीं नाहीं, हें सांगितलेलें नाहीं. तें उत्तर ज्याचें त्यानेंच द्यावयाचें आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपला मुलगा एखाद्या सायंकाळीं फुरंगटून घरीं येईल आणि ‘मास्तरांनीं मला मागें ठेविलें’ असें सांगेल. त्याचें अवश्य ऐका. पण कागद घेऊन तक्रार लिहावयास बसण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारा, ‘बाळ, तूं निघून आलास, मग तुझ्या सोबत्यांचें काय झालें?’ या प्रश्नाचें उत्तर देतांना ज्याची मान खालीं जाईल, तो मुलगा दुसऱ्या दिवशीं मैदानावर आपण होऊन परत येईल. मग त्याचें गाऱ्हाणें शांतपणें ऐकून घेणें हें आमचें काम.