शांततेचे शिक्षण आणि चाळीसगावचा टांगा

विद्यापीठांना सध्या शांततेचे मोठे प्रेम आलेले आहे. 'शांतता आणि संघर्ष निवारण' या नावाने पदविका निघतात, परिसंवाद भरतात, दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार होतात आणि करारावर सही करतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. जगात हा विषय नवा नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात 1973 साली शांतता अभ्यासाचा विभाग सुरू झाला. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात 2004 साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने असे केंद्र निघाले. आपल्या खान्देशातही 15 ऑगस्ट 1990 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगावच्या जैन हिल्सवर 25 मार्च 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते गांधीतीर्थाचे उद्घाटन झाले आणि तेथून गांधी विचार संस्कार परीक्षा शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. आम्हाला यातील कशाचेही वावडे नाही. ज्याला गांधी शिकायचा आहे त्याने गांधी जरूर शिकावा. आमचा सवाल एवढाच आहे, की जळगाव-धुळ्यात शांततेवर संशोधन करायचे ठरले तर विद्यापीठाने भागीदार म्हणून कोणाकडे जावे? दुसऱ्या विद्यापीठाकडे, धनवान संस्थेकडे, पोलीस खात्याकडे, की ज्या वस्तीवर अन्याय झाला त्या वस्तीकडे?

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे खान्देशातील शाळकरी पोरालाही सांगितले जाते. त्याआधी तीनच वर्षे, 1929 साली, याच धुळ्याच्या वाटेवर बाबासाहेब आंबेडकर कशासाठी आले होते, हे मात्र त्या पोराला कोणी सांगत नाही.

मुंबई सरकारने 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. गांधीजींचे अनुयायी ठक्कर बाप्पा हेसुद्धा त्याच समितीत होते, म्हणजे आज ज्याला 'भागीदारी' म्हणतात ती तेव्हाही होतीच! या समितीच्या कामासाठी बाबासाहेब खान्देशात फिरले. काम संपवून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण चाळीसगाव-धुळे रेल्वेमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी त्यांना स्वतः करायची होती. ते धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, लोकांकडून परिस्थिती समजून घेतली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परत आले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. स्टेशनवर जमलेल्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. महारवाडा स्टेशनापासून दोनेक मैल लांब होता. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार होते, पण अस्पृश्याला बसवून स्वतः हाकायला तयार नव्हते. पाहुण्याने पायी चालत जावे हे लोकांना पटेना. शेवटी टांगा मिळाला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी ही हकीगत नोंदवली आहे. तिच्यात कोठे आकांत नाही. टांगेवाला का नाही म्हणाला, लोकांनी आपला मान राखण्यासाठी काय केले, अपघात कसा घडला, हे एखाद्या चौकशी अधिकाऱ्याने लिहावे तसे लिहिले आहे. पोटासाठी टांगा हाकणारा माणूससुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, एवढे मात्र ते स्पष्ट सांगतात.

आमच्या मते खान्देशातील संघर्ष-संशोधनाचा पहिला धडा हा आहे. बाबासाहेब त्या गावात समेट घडवायला गेले नव्हते. काय घडले, कोणी केले, कोणी सोसले, हे आधी ठरवायला गेले होते. हीच त्यांची कायमची पद्धत होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी 1920 ते 1940 या काळातील हिंदू-मुस्लिम दंग्यांची वर्षवार नोंद मांडली, आणि दोन दशकांच्या त्या काळाला यादवी युद्ध म्हणायला ते कचरले नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा सांगितला. युद्धाला विरोध करताना सिद्धार्थाने सुचवलेला उपाय वाचावा. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंट्याचा निकाल लावावा. आपल्या बाजूचे लोकही दोषी असू शकतात, हे तो भर सभेत बोलला. तेव्हा संघाने त्याला कशाची भीती घातली? कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची! 1929 साली चाळीसगाव-धुळे मार्गावरच्या गावातही हत्यार तेच होते.

शांतता अभ्यासाच्या वर्गात नॉर्वेचे विद्वान योहान गाल्टुंग यांचे नाव हमखास घेतले जाते. 1969 साली त्यांनी सांगितले की मारहाण दिसत नाही म्हणून हिंसा नाही असे समजू नये, समाजाच्या रचनेतच हिंसा असते. गोष्ट खरी आहे. परंतु जातिव्यवस्था ही नुसती विषमता नसून उतरंडीची विषमता आहे, म्हणून तिच्यातले शोषितसुद्धा एकत्र येऊ शकत नाहीत, हे बाबासाहेबांनी त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले होते. ओस्लोचा सिद्धान्त जळगावात शिकवायला हरकत नाही. पण जळगावचा विद्यार्थी तेवढाच शिकून बाहेर पडला, तर त्याच्या शेजारच्या गावात काय घडते ते त्याला उमगणार नाही.

उदाहरण दूरचे नको, 2018 सालचेच घ्या. 10 जून रोजी जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाकडी येथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना नग्न करून मारहाण झाली आणि त्याचे चित्रीकरणही झाले. मारहाणीचा आरोप ज्यांच्यावर होता ते पाटील-देशमुख नव्हते, भटक्या समाजाचे होते. सत्ताधाऱ्यांनी तेवढ्यावर हे जातीय प्रकरणच नाही असा सूर लावला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 1 जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे ठरवून जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाईलवरून फिरली होती. ज्या खोलीत त्यांना मारले गेले ती ग्रामपंचायतीची होती आणि गाव आदिवासी पट्ट्यातले होते. वाकडीत भटका मातंगाच्या मुलावर हात उचलतो, राईनपाड्यात आदिवासी जमाव भटक्याला मारतो. दोन्हीकडे मारणारा स्वतः गावगाड्याच्या बाहेर फेकलेलाच! ज्याच्यावर हजार वर्षे संशय घेतला गेला तो आपल्याखालच्यावर किंवा परक्यावर संशय घ्यायला कसा शिकतो, गुन्हेगार जमातींच्या कायद्याने भटक्यांच्या कपाळी मारलेला शिक्का एका संदेशाने कसा जिवंत होतो, यावर प्रबंध व्हायला नको काय?

धुळे शहराची जखमही ताजी आहे. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये दंगल झाली. 6 जानेवारी 2013 रोजी मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून झालेल्या भांडणाचे दंगलीत रूपांतर झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मेले. पोलीसच लुटालूट करीत असल्याची चित्रफीत बाहेर आली, काही पोलिसांना अटक झाली, चौकशी आयोग नेमला गेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच जामनेर तालुक्यात एका मुस्लिम तरुणाचा जमावाच्या मारहाणीत जीव गेला. सणावारांपूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा-बिस्किटे होतात, पुढारी भाषणे करतात. भिवंडीत 1988 च्या सुमारास सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्यांत सामान्य माणसांना घेतले आणि 1992-93 च्या आगडोंबात मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. त्या प्रयोगाचा अभ्यास करून धुळ्याला काय घेता येईल, हे विद्यापीठाने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

सरकारचा शांततेचा अनुभवही आमच्या गाठीशी आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडणे गावातच मिटवा, बक्षीस मिळवा. बांधाच्या, भाऊबंदकीच्या भांडणात गरिबाचे कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या गावाला बक्षीस हवे असते त्या गावाला पोलीस ठाण्यातील नोंद नको असते. मग बौद्धवाड्यातील तक्रारदाराच्या दारात मंडळी येतात, "गावात राहायचे आहे ना?" असे विचारतात. ॲट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही असे कायदा सांगतो, तरी साक्षीदार फिरतो, फिर्यादी गप्प बसतो आणि गाव 'शांत' होते. या शांततेत आणि बहिष्कारात अंतर किती? महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, ॲट्रॉसिटी कायद्यातही दुरुस्ती होऊन बहिष्कार हा गुन्हा स्पष्टपणे आला. म्हणजे 1929 साली बाबासाहेब ज्याची चौकशी करायला आले त्याला कायद्याने गुन्हा ठरवायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

तेव्हा विद्यापीठाला खरोखर भागीदारी करायची असेल तर काम समोर पडले आहे. ॲट्रॉसिटीच्या 1995 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. जळगाव आणि धुळे येथे गेल्या दहा वर्षांत किती बैठका झाल्या, त्यांत काय ठरले, ठरलेले किती पार पडले? माहितीच्या अधिकारात इतिवृत्ते काढून कोणताही एम.ए.चा विद्यार्थी हे तपासू शकतो. खटले कोठे फसतात? तपासात, जातीच्या दाखल्यात, की साक्षीदार घर सोडून सुरतेला कामाला जातो तेथे? न्यायालयाचे निकाल वाचून आणि वस्तीत जाऊन विचारून हे कळते. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक ठेवले आहेत. आज ते श्रेयांक बहुतेक ठिकाणी वृक्षारोपणाच्या छायाचित्रांवर मिळतात. साक्रीचा, जामनेरचा, चोपड्याचा विद्यार्थी आपल्याच तालुक्यातील एका प्रकरणाची नीट हकीगत लिहील, तर त्याला गाल्टुंगही समजेल आणि बाबासाहेबही.

दोन अटी मात्र आम्ही आग्रहाने मांडू. पहिली, पीडितांचे नाव-गाव उघडे करून प्रबंध सजवू नये. आमच्या दुःखावर पीएच.डी. घेऊन गेलेल्यांची संख्या कमी नाही, त्यांतल्या किती जणांनी प्रबंध वस्तीत आणून वाचून दाखवला? दुसरी अट, हे काम आमच्या, आदिवासींच्या, भटक्यांच्या, मुस्लिमांच्या पोरा-पोरींनी करावे आणि त्यांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, हे 2023 सालचे चित्र आम्ही विसरलेलो नाही.

बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आंबेडकरी जनता हजारोंनी जमते. विद्यापीठाने जळगाव-धुळ्यातील संघर्षांचा वर्षभराचा अहवाल तयार करावा आणि कोणत्याही वातानुकूलित सभागृहाआधी तो लळिंगला, त्या गर्दीपुढे, मराठीत आणि अहिराणीत वाचावा. चुकलेले असेल ते लोक तेथेच सांगतील.