झॅम्प अपग्रेड करायचं का? आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या



झॅम्प कसं बसवायचं ते व्हिडिओत पाहिलंत. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सर, माझ्याकडे 7.4 वालं झॅम्प आहे. सगळं व्यवस्थित चालतंय. 8.2 वालं टाकू का?"

यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, नवीन आलं की टाकायचंच. दुसरं म्हणतं, चालत्या गाडीला हात लावायचा नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही चुकीची. नवीन आहे हे अपग्रेडचं कारण होत नाही आणि चालतंय हे न करण्याचं कारणही होत नाही. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : तुमच्या झॅम्पवर नेमकं काय चालतं?

झॅम्प म्हणजे एकच सॉफ्टवेअर नाही. ते एक गाठोडं आहे. त्यात अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. त्यामुळे झॅम्प बदललं की ही सगळी मंडळी एकदम बदलतात.

तुम्ही शिकत असाल किंवा दुकानाची वेबसाइट आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर बनवून बघत असाल, तर बिनधास्त अपग्रेड करा. बिघडलं तर एक संध्याकाळ जाईल, एवढंच.

पण आपल्याकडे अनेक दुकानांत वेगळंच चित्र असतं. कुणीतरी ओळखीच्या मुलाने पीएचपीमध्ये बिलिंगचा प्रोग्रॅम करून दिलेला असतो आणि काउंटरवरच्या पीसीवर तो झॅम्पवरच चालतो. रोजची बिलं, स्टॉक, उधारी, सगळं त्यात. अशा ठिकाणी झॅम्प हे शिकण्याचं साधन राहिलेलं नसतं, ती तुमची खातेवही असते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे त्या फोल्डरमधला डेटा गेला तर फक्त आजचं बिल अडत नाही, मागच्या कित्येक वर्षांचा पुरावा जातो. इथे घाई नको.

दुसरा प्रश्न : होस्टिंगवर कुठलं पीएचपी आहे?

वेबसाइटवाल्यांसाठी हाच खरा निकष. तुमच्या कॉम्प्युटरवर आणि होस्टिंगवर पीएचपीची आवृत्ती शक्यतो एकच असावी. होस्टिंगवर 8.2 आणि घरी 7.4 असेल, तर घरी नीट दिसलेलं पान तिकडे चढवल्यावर फुटू शकतं. आणि उलटंही होतं. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आवृत्ती बघायला दोन मिनिटं लागतात. आधी ती बघा, मग झॅम्पकडे या.

पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. 7.4 ची सुरक्षा दुरुस्ती 28 नोव्हेंबर 2022 ला थांबली, 8.0 ची 26 नोव्हेंबर 2023 ला. होस्टिंगवाले आज ना उद्या जुनी आवृत्ती काढणारच. त्यांनी काढल्यावर धावपळ करण्यापेक्षा आपण आधी घरी चाचणी केलेली बरी.

तिसरा प्रश्न : कोड दुरुस्त कोण करणार?

हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि सगळ्यात महागात हाच पडतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसशी बोलणारी 'मायएसक्यूएल_कनेक्ट' सारखी जुनी फंक्शन्स असतील, तर ती पीएचपी 7.0 पासून काढूनच टाकली आहेत. तिथे निदान एरर दिसते आणि काम थांबतं. चुकलंय हे कळतं तरी.

खरी भीती न दिसणाऱ्या बदलाची. उदाहरण घ्या. बिलात डिस्काउंटचा रकाना रिकामा सोडला. पीएचपी 7 मध्ये रिकामा मजकूर आणि शून्य यांची साधी तुलना केली, तर ते दोघं समान धरले जायचे. पीएचपी 8.0 पासून तसं धरत नाहीत. आता कोडमध्ये "डिस्काउंट शून्य असेल तर अमुक करा" अशी अट असेल, तर ती अट गुपचूप चुकते. स्क्रीनवर लाल अक्षर येत नाही, बिल मात्र वेगळं निघू शकतं. म्हणून प्रोग्रॅम करून देणारा फोन उचलतोय का, हे अपग्रेडच्या आधी तपासा. उचलत नसेल, तर आधी माणूस शोधा.

"पण सर, सुरक्षेचं काय?"

रास्त प्रश्न. पण अपग्रेड केलं म्हणजे सुरक्षित झालो, असं समजू नका. जून 2024 मध्ये विंडोजवरच्या पीएचपीत एक गंभीर त्रुटी उघड झाली. बाहेरच्या माणसाला तुमच्या मशीनवर स्वतःचा कोड चालवता येईल अशी, आणि विंडोजवरचं झॅम्प नेहमीच्या सेटिंगसह तिच्या कक्षेत येत होतं. 8.2 मालिकेत तिची दुरुस्ती 8.2.20 मध्ये आली. अनेकांकडे असलेलं झॅम्प 8.2.12 हे 2023 च्या शेवटचं, म्हणजे त्या दुरुस्तीच्या आधीचं.

शिवाय नवीन झॅम्पमध्येसुद्धा डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्ड नसतो. ही सोय शिकणाऱ्यासाठी ठेवलेली आहे. तेव्हा घरून बिलं बघता यावीत म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून दुकानाचं झॅम्प इंटरनेटवर आणलं असेल, तर आवृत्ती कुठलीही असो, ते पोर्ट आजच बंद करा. हे अपग्रेडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

करायचंच ठरलं, तर असं करा

पीएचपीमायअॅडमिनमध्ये जाऊन एक्सपोर्टने प्रत्येक डेटाबेसची एसक्यूएल फाइल काढा. मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमधलं आपल्या डेटाबेसचं एकटं फोल्डर कॉपी करून भागत नाही. टेबलांची नावं दिसतात, आतला माल उघडत नाही. एचटीडॉक्स फोल्डरचीही प्रत घ्या. दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा, त्याच पीसीवर नको.

जुनं झॅम्प काढू नका. नवीन वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा, शक्य असेल तर दुसऱ्याच पीसीवर. एकाच पीसीवर असतील तर एका वेळी एकच चालू ठेवा, नाहीतर 80 आणि 3306 या पोर्टवरून दोघांची भांडणं होतात. मग गेल्या महिन्यातली दहा बिलं नव्यात पुन्हा करा आणि जुन्या बिलांशी रुपया-पैशापर्यंत ताडून बघा. डिस्काउंटचं, बिनडिस्काउंटचं, परत आलेल्या मालाचं, सगळे प्रकार घ्या.

वेळही बघून निवडा. मार्चअखेर नको, दिवाळीचा सीझन नको, आणि महिन्याच्या 11 ते 20 तारखेला रिटर्नच्या गडबडीत तर नकोच.

थोडक्यात माझं मत असं : शिकणाऱ्याने आज करावं, वेबसाइटवाल्याने होस्टिंग बघून करावं, आणि ज्याची बिलं झॅम्पवर आहेत त्याने बॅकअप आणि माणूस दोन्ही हाताशी आल्याशिवाय करू नये. पण हा तिसरा गडी कायम थांबून राहिला, तर एक दिवस हार्ड डिस्क त्याच्यासाठी निर्णय घेईल. म्हणून अपग्रेड कराल तेव्हा करा, ती एसक्यूएल फाइल मात्र आज दुकान बंद करायच्या आधी काढा.