दुर्बीण हातात धरा, बंदुकीवर नको

राजेहो, हरभरा घाट्यावर आला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. डुकरं वावरात उतरतात आणि मोबाइलवर रात्रीच्या दुर्बिणीचे व्हिडिओ फिरायला लागतात. टेक्सासमधला कोणी गडी गाडीवर उभा, पडद्यावर पांढरीफट्ट डुकरं, धाड धाड चार आवाज आणि चार डुकरं आडवी. खाली आपल्या पोरांचा प्रश्न, आपल्याकडं हे का नाही? परवा एकानं तर किंमतच पाठवली. काका, वर्गणी करू, ज्याच्याकडं परवान्याची बंदूक आहे त्याच्या बंदुकीवर बसवू, म्हणे.

माझं उत्तर सरळ आहे. दुर्बीण घ्या, बंदुकीवर बसवू नका. आणि परवानगीचा कागद घेऊन एखादा शूटर अशी बंदूक घेऊन गावात आलाच, तर रात्री वावरात उतरण्याआधी त्याला कागदावर गोळ्या मारून दाखवायला सांगा. नाही दाखवल्या तर चहा पाजून परत पाठवा.

यावर कोणी म्हणेल, तुमचं नुकसान झालं नाही म्हणून बोलता. माझं वावर येऊन पाहा. भुईमुगाचं तास डुकरानं नांगरल्यासारखं उलटं केलं की त्यात वेचायला काही राहत नाही. मका खातात कमी, पाडतात जास्त. जागल करून करून आमच्या अर्ध्या गावाची झोप गेली. डुकरावर मला दया नाही. माझं भांडण त्या डबीतल्या जादूशी आहे.

आधी टेक्सासचं. तिथं ते डुक्कर बाहेरून आलेलं, रानटी झालेलं. त्याला रात्री मारायला कायद्यानं मोकळीक आहे. एकेकाचं शेत शेकड्यांनी एकरांचं. रात्री त्या शेतात दुसरा माणूस नसतो. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं दोन एकर माझं, दीड एकर भावाचं, मधात धुरा, धुऱ्यावर झोपडी, झोपडीत जागलीचा म्हातारा.

कायदाही पाहून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण ती लेखी असते. व्हॉट्सअपवर 'साहेब हो म्हणाले' हा कागद होत नाही. दुसरा कायदा शस्त्रांचा, १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी म्हणून ज्या बंदुकीचं नाव घेतलंय ती कोणती, माहीत आहे? ठासणीची. तोंडातून दारू भरायची, गज घालून ठासायची. म्हणजे शेतकऱ्याला कायदा ठासणीची बंदूक दाखवतो आणि बाजार त्याला रात्रीची दुर्बीण दाखवतो. ठासणीला दारू प्रत्येक वेळी हातानं भरायची, एक गोळी दुसरीसारखी जाईल याचा भरवसा नाही. तिच्यावर दुर्बीण बसवणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर. बारा बोरचंही थोडंफार तेच. छर्रे पसरतात. नळीवरच्या माशीनं ज्या टप्प्यात काम होतं त्याच टप्प्याची ती बंदूक आहे.

राहिली रायफल. आपल्या भागात परवान्यावर असलीच तर बहुतेक ३१५ बोरची. तिच्यावर दुर्बीण बसते, पण कशी बसते ते व्हिडिओवाला सांगत नाही. बऱ्याच जुन्या रायफलींवर दुर्बीण धरायला पट्टीच नसते. मग आपला गडी जातो लेथवाल्याकडं, दोन भोकं पाडून दे म्हणतो. भाऊ, बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करायलाही परवाना लागतो, लेथवाल्याकडं तो नसतो. भोक केसभर तिरपं गेलं तर दुर्बीण एकीकडं पाहते, नळी दुसरीकडं.

पट्टी नीट बसली असं धरून चाला. स्क्रू आणि भोकं स्पिरिटनं पुसून तेल काढावं लागतं, नाहीतर चार-पाच धक्क्यांत ढिले होतात. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, इंजिनाचं हेड आवळतो तसे. दुर्बिणीतली फुली सरळ उभी आहे का हे ओळंबा टांगून पाहायचं. डोळा आणि काच यात अंतर किती, हे ज्याच्या खांद्याला बंदूक त्याच्याच मानेच्या मापानं ठरतं. अंतर कमी पडलं तर धक्क्यानं दुर्बिणीची कड भुवईत घुसते. आणि रात्रीची दुर्बीण दिवसाच्या दुर्बिणीपेक्षा बहुधा जड असते, त्यामुळं प्रत्येक धक्क्याला पट्टीवर ताणही जास्त.

हे झालं बसवणं. खरं काम पुढं आहे, झिरो करण्याचं. झिरो म्हणजे फुली जिथं दिसते तिथंच गोळी लागावी असं जुळवणं. दुर्बीण नळीच्या वर पाच-सहा सेंटिमीटर असते. नजरेची रेघ वरून, गोळीची खालून. दोन्ही एका ठरावीक अंतरावर मिळतात, तो झिरो. ५० मीटरवर मिळवली तर १० मीटरवर गोळी फुलीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली लागणार. जुळवायचं कसं? रेतीच्या पोत्यावर बंदूक टेकवायची, आधी २५ मीटरवर तीन गोळ्या. तिन्हींचा मध्य पाहायचा, एका गोळीवर भरवसा ठेवायचा नाही. मग स्क्रूच्या टिचक्या. पुष्कळ दुर्बिणींत एक टिचकी म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, ५० मीटरवर त्याच्या निम्मी. ५० मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर डावीकडं पडत असेल तर २० टिचक्या उजवीकडं. पुन्हा तीन गोळ्या. मग ५० वर, मग १०० वर. काडतूस दुसऱ्या बनावटीचं आणलं की पुन्हा पहिल्यापासून. बंदूक मोटरसायकलला बांधून कच्च्या रस्त्यानं आणली की पुन्हा तपासणी.

आता मोजा, किती काडतुसं लागली? परवान्यावर वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलं असतं, आणि एकेक काडतूस महाग. म्हणून आपल्याकडं काय होतं? दोन गोळ्या झाडाच्या बुंध्यावर मारतात आणि 'बसली' म्हणतात.

त्यातही रात्रीच्या दुर्बिणीचे आणखी नखरे. ट्यूबवाली दिवसा उघडली तर ट्यूब खराब होते, तिला बारीक छिद्राचं झाकण लावून किंवा तिन्हीसांजेला जुळवावं लागतं. डिजिटल असेल तर दिवसा चालते. रात्री जुळवायला गेलात तर कागदावर निळ्या बॉलपेननं काढलेली फुली इन्फ्रारेडमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, पार गायब. कोळशानं काढा, ती काळी दिसते.

न जुळलेली बंदूक म्हणजे नुसता नेम चुकणं नाही. पोटात गोळी लागलेलं डुक्कर जागेवर पडत नाही. ते तुरीत घुसून बसतं. सकाळी त्या तुरीत सोंगणीला कोण जातं? बाया जातात.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. ही दुर्बीण दाखवते, ओळख पटवत नाही. पोरं म्हणतात, काका, डोळे चमकतात, कळतं. काय कळतं? गाय, कुत्रा, कोल्हा, रोही, बिबट यांच्या डोळ्यामागं चमकणारा एक थर असतो, त्यावर उजेड पडला की डोळा दिव्यासारखा पेटतो. डुकराच्या डोळ्यात तो थर नाही. आणि माणसाच्याही नाही. म्हणजे डोळ्यांवरून तुम्ही गाय वेगळी काढाल, पण डुक्कर आणि माणूस हेच दोघं एकाच रांगेत उरतात. वर डिसेंबरातलं धुकं. दुर्बिणीचा इन्फ्रारेड उजेड धुक्यावरून उलटा फिरतो, समोर नुसतं पांढरं. जवळच्या तुरीच्या पानावर पडला तर पान लखलखतं आणि मागचं सगळं काळं होतं. त्या काळ्यात एक आकार, बुटका, वाकलेला, हळूहळू सरकणारा.

तो आकार कोणाचा असतो, सांगू? आपल्याकडं थ्री फेज रात्री येते. हरभऱ्याला ओलित करायचं म्हणजे रात्री दोन वाजता उठून तुषारचे पाइप बदलायचे. अंगावर काळं ब्लँकेट, डोक्याला मफलर, कमरेत वाकून पाइप ओढतो आपण. हातात पाइप म्हणून बॅटरी तोंडात, तीही अर्धा वेळ बंद. शंभर मीटरवरून त्या पडद्यावर तुम्ही आणि डुक्कर वेगळे दिसाल याची खात्री कोण देतं? दुकानदार देतो का? २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकानं अंधारात डुक्कर समजून गोळी झाडली, सोबतचाच माणूस गेला. तिथं तर सगळे एकमेकांना ओळखणारे, एकाच कामाला निघालेले. आपल्या शिवारात शेजारच्या वावरातल्याला तर माहीतही नसतं की आज कोणी बंदूक घेऊन बसलंय. शिवार सपाट, मागं गोळी अडवायला टेकडी नाही. रायफलची गोळी नेम चुकली तरी थांबत नाही, एक किलोमीटरच्या पुढंही जाते. तेवढ्यात आमच्याकडं तीन विहिरी आणि एक वस्ती येते.

आणि रात्रीच्या गोळीचा निवाडा कसा होतो तेही यवतमाळवाल्यांनी पाहिलंय. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीकडं अवनी वाघीण मारली. सरकारी मोहीम, सगळा लवाजमा. तरी अंधारात नेमकं काय झालं यावर पुढं कोर्टकचेरी. तुमच्या-माझ्या वर्गणीच्या बंदुकीसाठी कोण उभं राहणार?

मग डुकरं खाऊ द्यायची का, हा प्रश्न येणारच. नाही. केरळनं २०२२ मध्ये पंचायतीच्या प्रमुखाला डुक्कर मारायचा आदेश काढायचा अधिकार दिला, आणि मारायचं ते यादीतल्या परवानाधारकानं. आपल्याकडं अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावानं वर जाऊ द्या. येणाऱ्या माणसाचा कागद, परवाना आणि झिरो तिन्ही वनरक्षकासमोर तपासा. तळ्याच्या मातीच्या बांधावर कागद लावायचा, ५० मीटरवरून तीन गोळ्या, तिन्ही तळहाताएवढ्या जागेत. ज्याला हे जमतं त्याला राग येत नाही, राग येतो तो न जमणाऱ्याला. त्या रात्री त्या शिवारातलं ओलित बंद, आणि मचाण अशा बाजूला की गोळी खाली जमिनीत जाईल.

दुर्बीण मात्र गावानं एक घ्यावी, बिनबंदुकीची, हातात धरायची. डुकरं कुठल्या नाल्यानं येतात, किती वाजता, किती आहेत, हे चार रात्री पाहिलं की झटक्याचं कुंपण कुठं लावायचं ते कळतं. आत्ता आपण सगळीकडून अर्धं अर्धं लावतो आणि डुकरं उरलेल्या बाजूनं येतात. झटका मशीनच हं, थेट लाइनीचा करंट नाही, त्यानं डुकरापेक्षा माणसं जास्त मेली असं म्हणायची वेळ आपल्या तालुक्यावर येऊ नये.

आणि दिवसाची वीज. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, आपल्या फिडरवर अजून रात्रच आहे. रात्री वावरात माणूस नसला तर निम्मं भांडण तिथंच मिटतं. दुर्बिणीच्या वर्गणीसाठी जेवढी पोरं गोळा झाली तेवढी वीज कार्यालयात या अर्जासाठी आली तर बरं होईल. अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या बाकी आहेत.

या आठवड्यात आमच्याकडं सोमवार ते गुरुवार रात्रपाळी आहे, शुक्रवारपासून दिवसा. नाल्याकाठच्या वावरवाल्यांनी पाइप बदलायला जाताना बॅटरी चालूच ठेवा आणि एकटे जाऊ नका.