लॅपटॉपची शिदोरी

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत वीज गेल्याचे कोणाला सांगावे लागत नाही. यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी थांबतो आणि ती शांतताच सारे सांगून जाते. टॉवेल आणि चादरी विणणारे माग वीज परत येईपर्यंत स्वस्थ उभे राहू शकतात. कार्यालयातील कामाला मात्र ती सवलत नसते. दाराशी मालाने भरलेली गाडी उभी असते आणि चालक कागदांची वाट पाहत असतो. 50,000 रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात धाडायचा असेल, तर ई-वे बिल निघाल्याशिवाय चाक हलवता येत नाही. दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याला 11 आणि 20 या तारखा तोंडपाठ असतात. वीज नव्हती, ही सबब त्या तारखांपुढे चालत नाही.

लहान कारखान्याचे सारे दप्तर हल्ली एका लॅपटॉपमध्ये मावते. खातेवही, मालाची नोंद, गिऱ्हाइकांचे पत्ते, नक्षीचे नमुने, कामगारांचा पगारपट, सगळे तिथेच. सायंकाळी तोच लॅपटॉप घरी येतो आणि त्यावर मुलीचा महाविद्यालयीन प्रकल्प किंवा मुलाची लेखापरीक्षणाची उजळणी सुरू होते. दुकान आणि घर या दोघांचा भार वाहणाऱ्या या यंत्राबरोबर कोणती शिदोरी बांधून द्यावी, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने एकदा शांतपणे करावा, असा हा विषय आहे. या शिदोरीत तीन जिन्नस येतात: अडॅप्टर, जादा बॅटरी आणि माहितीचा साठा.

अडॅप्टर निवडताना

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन ओळी छापलेल्या असतात. पहिली ओळ आत येणाऱ्या विजेची असते. तिथे 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर आपल्याकडील 230 व्होल्टचा पुरवठा त्याला मानवतो आणि परदेशी जाणाऱ्या मुलाला तोच अडॅप्टर तिथेही वापरता येतो. फक्त पिनेचा आकार बदलावा लागतो. दुसरी ओळ बाहेर पडणाऱ्या विजेची असते. समजा तिथे 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर असे आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की साधारण 65 वॉट येतात. हीच त्या अडॅप्टरची ताकद.

जुना अडॅप्टर बिघडल्यावर बाजारातून दुसरा आणताना गोल पिन नुसती छिद्रात बसली म्हणजे झाले, असे समजू नये. व्होल्टचा आकडा मूळ अडॅप्टरशी जुळलाच पाहिजे आणि पिनेची धन-ऋण बाजूही तीच हवी. अँपिअर मूळ आकड्याइतके किंवा त्याहून अधिक चालतात, कारण लॅपटॉप आपल्याला हवे तेवढेच ओढून घेतो. अँपिअर कमी पडले, तर अडॅप्टर तापतो आणि बॅटरी भरण्याऐवजी उतरत राहते.

नव्या लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी हे चपटे, दोन्ही बाजूंनी बसणारे तोंड आले आणि ही कटकट पुष्कळ कमी झाली. त्यातील पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत अडॅप्टर आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवून घेतात आणि मगच योग्य व्होल्टची वीज सोडली जाते. ही पद्धत दीर्घकाळ 100 वॉटपर्यंत मर्यादित होती. 2021 मध्ये ती मर्यादा 240 वॉटपर्यंत वाढवण्यात आली. तरी एक मेख उरतेच. भ्रमणध्वनीचा लहान चार्जर त्याच तोंडात बसतो, पण तो 20 किंवा 30 वॉटचा असल्यास लॅपटॉपची भूक भागत नाही. तारेचेही तसेच आहे. साधी यूएसबी-सी तार 60 वॉटपर्यंतच वीज वाहते. त्याहून अधिकासाठी 5 अँपिअरची तार मुद्दाम मागून घ्यावी लागते. चार्जर चांगला आणि तार हलकी, अशी जोडी घरात असेल तर दोष चार्जरला दिला जातो आणि पैसे दुसऱ्यांदा खर्च होतात.

पॉवर बँकेचा हिशेब

पॉवर बँकेवर 20,000 हा मोठा आकडा पाहून खरेदी होते. तो आकडा मिलिअँपिअर-तासांचा असतो आणि तो आतल्या 3.7 व्होल्टच्या घटांवर मोजलेला असतो. लॅपटॉपसाठी खरा हिशेब वॉट-तासांचा. 20 अँपिअर-तास गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 74 वॉट-तास. व्होल्ट वाढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून हाती साधारण 60 वॉट-तास येतात, असे धरावे. हिशेब लिहिणे, पत्रे पाठवणे अशा कामाला लॅपटॉप सुमारे 15 वॉट घेत असेल, तर चार तासांची सोय झाली. तेवढ्यात ई-वे बिल निघते, विवरणपत्र भरले जाते आणि गाडीही मार्गी लागते.

मात्र प्रत्येक पॉवर बँक लॅपटॉप चालवू शकत नाही. केवळ 5, 9 किंवा 12 व्होल्ट देणारी बँक भ्रमणध्वनीपुरतीच. पॉवर डिलिव्हरी, 20 व्होल्ट आणि लॅपटॉपला लागतील तेवढे वॉट, या तीन गोष्टी वेष्टनावर वाचूनच ती घ्यावी. भारतात पॉवर बँक, अडॅप्टर आणि बॅटरीचे घट यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आणि त्याखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर छापलेला असतो. तो नसेल, तर स्वस्ताईचा मोह टाळावा. विमानप्रवासात पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी लागते. 100 वॉट-तासांपर्यंतची बँक सहसा चालते, त्याहून मोठीसाठी विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातून सुटते. वीज गेली की लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, पण इंटरनेटचा राउटर त्याच क्षणी मिटतो. मग भरलेल्या लॅपटॉपसमोर हातावर हात धरून बसावे लागते. राउटरसाठी 12 व्होल्टचा लहानसा यूपीएस मिळतो. तो नसेल, तर भ्रमणध्वनीवरून इंटरनेट घेण्याची रीत कार्यालयातील एकाला तरी आधीपासून शिकवून ठेवावी.

ऊन, तंतू आणि आग

सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढे सहज जातो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. ही बॅटरी 1991 मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या मूळ संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतकी गुणी वस्तूही सतत पूर्ण भरलेली आणि सतत तापलेली राहिली, तर लवकर म्हातारी होते. म्हणून दिवसभर विजेवर जोडलेल्या लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय असल्यास ती चालू करावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप किंवा पॉवर बँक ठेवू नये.

कारखान्यात आणखी एक अडचण असते, ती सुताच्या उडत्या तंतूंची. टॉवेलच्या कारखान्यात हे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतात, हवेची वाट बुजते आणि यंत्र आतून तापते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने जाळी साफ करावी आणि वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून आतील सफाई करून घ्यावी. या खर्चाने नव्या लॅपटॉपचा खर्च पुढे ढकलला जातो.

18 मे 2025 रोजी पहाटे याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्या दुर्घटनेचा लॅपटॉपशी संबंध नाही. पण जिथे कापूस, तयार माल आणि माणसांचा निवास एकाच छताखाली असतो, तिथे ठिणगीला किती थोडा वेळ पुरतो, हे त्या पहाटेने साऱ्या शहराला दाखवले. म्हणून पॉवर बँक किंवा लॅपटॉप टॉवेलांच्या थप्पीवर, गादीवर किंवा उशीखाली ठेवून भरू नये. रात्री सर्व निजल्यावर भरायला लावून ठेवू नये. फरशीवर किंवा लोखंडी मेजावर, नजरेसमोर भरावे. बॅटरी फुगली की कळफलक किंवा स्पर्शपाटी वर उचलल्यासारखी दिसते. असे दिसताच वापर थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी.

नक्षी कुठे जपावी?

साठवणुकीचा विषय विणकरांना नवा नाही. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जेकार्ड याने मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ बसवली. एका पत्त्यावर आडव्या धाग्याच्या एका फेकीची आज्ञा असे. भोक असेल तिथला ताणा उचलला जाई, नसेल तिथला खाली राही. पत्त्यांची माळ फिरत गेली की चादरीवर नक्षी उमटे. हीच कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. पुढे 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या पत्त्यांवरच माहिती मोजली. संगणकाच्या साठवणुकीचे मूळ असे मागाशी जाऊन भिडते.

भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीची जेकार्ड नक्षी अशाच पत्त्यांवर वाढली. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवलेल्या मागाला आता तीच नक्षी संगणकावरून पेन ड्राइव्हने दिली जाते. सोय अफाट वाढली, जोखीमही वाढली. पत्त्यांच्या माळेतला एक पत्ता फाटला तर एक ओळ चुकत असे, बाकीची नक्षी शाबूत राहत असे. पेन ड्राइव्ह बिघडला तर वर्षांची नक्षी एका क्षणात जाते आणि त्याआधी कसलीही सूचना मिळत नाही.

म्हणून साठ्याचा साधा नियम पाळावा. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक प्रत निराळ्या जागी. लॅपटॉप ही पहिली प्रत. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही दुसरी. हार्ड डिस्क स्वस्त आणि मोठी असते, पण तिच्या आत चकती फिरत असल्याने पडली तर दगावते. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते, ती वेगवान आणि धक्का सोसणारी असते. मात्र वर्षानुवर्षे विजेशिवाय कपाटात ठेवायला ती योग्य नव्हे. तिसरी प्रत घरी किंवा क्लाउडवर असावी. कारखान्यात आग लागली तर कारखान्यातल्याच कपाटातील प्रत काय कामाची?

नक्कल काढून झाली की ती डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करावी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर संगणक-विषाणूने जगभर हाहाकार उडवला. अशा विषाणूंच्या तडाख्यात लॅपटॉपबरोबर त्याला जोडून ठेवलेली डिस्कही कुलूपबंद होते. काही शे रुपयांत '2 टीबी' लिहिलेले पेन ड्राइव्ह मिळतात, त्यांतील बहुतेक फसवे असतात. ते प्रत भरल्यासारखे दाखवतात आणि जुनी माहिती गुपचूप पुसत जातात. तीन महिन्यांतून एकदा नकलेतील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली रोकड.

आधी काय घ्यावे?

सर्व काही एका दिवशी घेणे प्रत्येकाला शक्य नसते. मग क्रम असा असावा. प्रथम बाहेरची डिस्क, कारण वीज गेली तर काम चार तास लांबते, पण पाच वर्षांची खाती आणि नक्षी गेली तर ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. त्यानंतर योग्य वॉटचा एक जादा अडॅप्टर, म्हणजे एक कार्यालयात आणि एक घरी राहील आणि रोजच्या ओढाताणीत तार तुटणार नाही. त्यानंतर राउटरचा लहान यूपीएस आणि शेवटी पॉवर बँक. लॅपटॉपचीच बॅटरी थकली असेल, तर पॉवर बँकेआधी ती बदलणे शहाणपणाचे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. आजचा आकडा मूळच्या निम्म्याखाली गेला असेल, तर निर्णयाला उशीर करू नये.

या खरेदीची पावती, हमीपत्र आणि नोंदणी क्रमांकाचे छायाचित्र एकाच पाकिटात ठेवावे. त्या पाकिटावर डिस्क कुठे ठेवली आहे आणि तिचा परवलीचा शब्द घरातील कोणाला ठाऊक आहे, एवढे लिहून ठेवावे. कर्ता माणूस गावाला गेला असताना किंवा आजारी असताना कारखान्याची गाडी त्या दोन ओळींवर चालते.