दाराबाहेर उरलेली माणसं

अंधाऱ्या घराचं दार उघडतं. बाहेर तांबड्या मातीचा अफाट पसारा, आभाळात घुसलेले खडक आणि दुरून येणारा एकटा घोडेस्वार. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या वेस्टर्नची ही सुरुवात आजही नजर खिळवून ठेवते.

कथा १८६८च्या टेक्ससमधली. यादवी युद्धात हरलेल्या बाजूने लढलेला ईथन भावाच्या घरी परततो. लवकरच कोमांची टोळी घरावर हल्ला करून धाकट्या पुतणीला, डेबीला, पळवून नेते. ईथन तिच्या मागावर निघतो. वर्षं सरतात, तसं लक्षात येतं की काका पोरीला सोडवायला नव्हे, मारायला निघालाय. कोमांचींमध्ये वाढलेली मुलगी त्याच्या लेखी बाटलेली!

१९५६ साली जॉन वेनसारख्या लाडक्या नायकाला ईथनच्या रूपात असं रंगवायला धाडस लागत होतं. ईथन मेलेल्या कोमांचीच्याही डोळ्यांत गोळ्या झाडतो. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे आंधळा आत्मा कायम भटकत राहावा म्हणून. त्याला कोमांचींची खडान्‌खडा माहिती आहे, पण ती फक्त द्वेषापुरती. फोर्डचा संयमही विलक्षण. हत्याकांड पडद्यावर दिसतच नाही. मावळतीचा उजेड, दिवा लावू नकोस म्हणणारी आई आणि अर्थ उमगताच किंचाळणारी थोरली लेक, एवढंच.

पण ईथनचा आंधळेपणा उघडा पाडणारा हा सिनेमा स्वतःही बराच आंधळा आहे.

कोमांची सरदार स्कार झालाय बर्लिनमध्ये जन्मलेला हेन्री ब्रँडन. टोळीतले बाकीचे चेहरे नावाहो लोकांचे, कारण चित्रीकरण त्यांच्या मॉन्युमेंट व्हॅलीत झालं. आपली दोन मुलं गोऱ्यांनी मारली, असं स्कार सांगतो. त्याच्या सुडाचं हे कारण एका वाक्यात उरकून कथा पुढे धावते. लुक या कोमांची बाईचं तर हसंच केलंय. ईथनसोबत शोधाला निघालेल्या मार्टिनची गैरसमजातून बायको ठरलेल्या तिला तो लाथ मारून उतारावरून गडगडवतो, आणि प्रेक्षकांनी हसावं अशी अपेक्षा असते. पुढे घोडदळाच्या हल्ल्यात ती मेलेली सापडते. तेव्हा सिनेमा अचानक गंभीर होतो, पण हसून झालेलं असतं.

शेवटी दार पुन्हा दिसतं. सगळे आत जातात, ईथन बाहेरच उरतो आणि डाव्या हाताने उजवा कोपर धरतो. ही लकब फोर्डचा दिवंगत नट-मित्र हॅरी कॅरी याची. त्याची पत्नी ऑलिव्ह नुकतीच त्याच दारातून आत गेलेली असते. जुन्या सोबत्यासाठी फोर्डकडे एवढी माया होती. त्या मायेचा थोडा अंश लुकच्याही वाट्याला यायला हवा होता.