खेड्यातल्या जवानाच्या नावावर

सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशन द्यावे की नाही, हा खटला २०२० साली सर्वोच्च न्यायालयात चालला. तेव्हा सरकारने एक कारण पुढे केले : जवान बहुतांशी खेड्यांतून येतात, स्त्रीचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नाही.

ते वाचून मला राग आला. मी खेड्यातलाच आहे. आमच्या सरपंच बाई आहेत. प्रथम लोक हसले. आज पाण्याच्या तक्रारी घेऊन त्यांच्याच दारात उभे राहतात. मने तयार होण्याची वाट कोणी पाहिली नाही. आधी खुर्ची मिळाली, मने मागाहून तयार झाली.

न्यायालयानेही १७ फेब्रुवारी २०२० रोजी ते कारण फेटाळले. पुढे २०२२ साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तरी पायदळाचे व रणगाडा दळाचे दार त्या वर्षीही त्यांना बंदच होते.

‘आता युद्ध यंत्रांचे, तेथे अंगबळ कशाला?’ असे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात दगड-दांडक्यांनीच झुंज झाली. बळ लागतेच. म्हणून कसोटी कडक ठेवा, पण ती सर्वांची घ्या. जी उतरेल तिला घ्या. न उतरणाऱ्या मुलाला तरी आपण कुठे घेतो?

आणि कृपा करून, नकार द्यायचाच असेल तर तो स्वतःच्या नावावर द्या. आमच्या गावाच्या नावावर नको.