चोरायला आहे काय?

वाळूज-चिकलठाण्याकडच्या चहाच्या टपरीवर एक उद्योजक हमखास भेटतो. रॅन्समवेअर हे बड्यांचं दुखणं, नाहीतर आफ्रिकेतल्या बंदरांचं; चार सीएनसी मशीनवाल्याकडे चोरायला आहे काय? वर पुस्ती, अँटीव्हायरस आहे, आणि अडलंच तर पैसे देऊन मोकळे होऊ.

चोरायला नसेलही काही. पण रॅन्समवेअरवाला मुळात येतो फायलींना कुलूप घालायला. केबिनमधला तो एकुलता संगणक बघा. त्यातच टॅली, जॉबवर्कची चलनं, ई-वे बिलं, ग्राहकाने पाठवलेली ड्रॉइंग. शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क, पण यूएसबीत कायमची खोचलेली, म्हणजे मूळ फायलींबरोबर तीही कुलूपबंद. ती ड्रॉइंग चोराला रद्दीच्या भावाची. मालकाला उद्या सकाळी माल पाठवायचा असतो, आणि खंडणी त्या घाईवर ठरते.

ज्या एमआयडीसीच्या भूखंडावर हे तत्त्वज्ञान उभं आहे, तिच्याच सर्व्हरवर २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे हल्ला झाला. मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प. अँटीव्हायरस तिथेही होता! हल्लेखोरांच्या चिठ्ठीत रक्कम नव्हती. आधी संपर्क साधा, भाव मग.

आग विझवायच्या नळकांड्यांबद्दलही हा गृहस्थ पूर्वी असाच वाद घाली: जळायला आहे काय, लोखंड? इन्स्पेक्टर येणार कळलं की नळकांडं मात्र भरून येई. असो.

फक्त बड्यांनाच? जुलै २०२४ मध्ये एका सेवापुरवठादारावरच्या हल्ल्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले.

आफ्रिका? डरबन बंदर जुलै २०२१ मध्ये अडलं खरं. पण त्याआधी चार वर्षं, जून २०१७ मध्ये, आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने अडवलं होतं. त्यात पैसे भरणाऱ्यांनाही फायली मिळणार नव्हत्या. कुलपाला किल्लीच बनवलेली नव्हती. घ्या, झालात मोकळे!

मग करायचं काय? एमआयडीसीच्या नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या बॅकअपला लागण झाली नव्हती. धडा तोच: एक प्रत संगणकापासून तोडलेली हवी, आणि तिच्यातून फाइल परत निघते का, हे महिन्यातून एकदा तपासायला हवं. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा टाकू नये. हल्ला झालाच तर सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे.

आज शटर ओढण्याआधी टेबलामागे वाकून एवढं बघा: ती हार्ड डिस्क अजून खोचलेलीच आहे का?